कोपऱ्यापर्यंतचा आवाज

फौजीआजोबांना जाऊन वर्ष झालं. घरासमोरच्या मुलांच्या दवाखान्यासाठी मदत गोळा करत, त्यांच्या आठवणीत मोटरसायकलींची फेरी निघाली. आजींनी मात्र खिडकी लावून घेतली. “गेलेला माणूस काय धुरातून परत येणारे?”

पहाटेच्या धुक्यात घरघर जवळ आली आणि कोपऱ्यावर एकदम थांबली. सुनेने खिडकी किलकिली केली. शंभरेक फटफट्या धुक्यावर तरंगत याव्यात तशा येत होत्या. सगळे खाली उतरून त्या हाताने ढकलत होते.

“आई, सगळ्यांच्या गाड्या एकदम कशा बंद पडल्या?”

“पडल्या नाहीत गं. समोर आजारी पोरं झोपलीत ना! हेही असेच कोपऱ्यावर इंजिन बंद करायचे. आवाज थांबला की मी...”

आजींचा हात केव्हाच दाराच्या कडीवर गेला होता.