निषेधाचा ठराव

ठराव वाचून झाला तशा टाळ्या पडल्या. डोणगावच्या सभेत पाण्याच्या टाकीच्या ठरावालाही कधी इतक्या एकमुखानं टाळ्या पडल्या नव्हत्या. योगिनी पुढच्याच सतरंजीवर बसली होती. ठराव तिच्याच निषेधाचा होता, त्यामुळे आपण हात कुठं ठेवावेत हे तिला कळेना.

आठ महिन्यांपूर्वी याच सभागृहात तिला फेटा बांधला होता. देशभरच्या मॅरेथॉन पळून कमावणारी तालुक्यातली ती पहिलीच पोरगी. उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली, शाळेच्या मैदानाला तिचं नाव दिलं गेलं, आणि ती लहानपणी आपल्याच बांधावरून पळायची असं सांगणारे किमान चाळीस शेतकरी निघाले. मग गेल्या महिन्यात तिच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं औषध सापडलं. चार वर्षं पळायचं नाही, असा हुकूम आला. बातमी टीव्हीवर दुपारी आली आणि चौकातला तिचा फ्लेक्स संध्याकाळच्या आत उतरला. फ्लेक्स चांगला जाड होता. तो उलटा करून कुणीतरी सोयाबीनच्या ढिगावर टाकला.

तरी गाव न्यायी. तिला बाजू मांडायला बोलावलं होतं. आधी ठराव, मग बाजू, एवढाच काय तो क्रम.

पहिले बोलले शेषराव. त्यांच्या वाडीतले दुधीभोपळे संध्याकाळी वीतभर असतात आणि सकाळी हातभर. त्या वेलांना कसली सुई टोचली जाते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि म्हणून तो भोपळा गावात कुणी खात नसे. तो मेहकरच्या बाजारात जाई.

"निसर्गानं देलं तेवढ्यात मानसानं समाधान मानावं," शेषराव गहिवरून म्हणाले. "ह्या सुया, ह्या गोळ्या, हे पाप हाय."

पुन्हा टाळ्या पडल्या.

मग अध्यक्ष उठले. अध्यक्ष म्हणजे नारायणराव, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. योगिनी सातवीत असताना तिची पहिली धाव त्यांनीच आपल्या मनगटी घड्याळावर मोजली होती. म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि म्हणून तो तिला सगळ्यात जास्त लागला.

"तुले आम्ही गावाची लेक समजलो," ते म्हणाले. "तू गावाच्या तोंडाले काळं फासलं. आता काय सांगाचं ते सांग."

घरून निघताना आईनं बजावलं होतं, "रडजो, माफी मागजो अन् घरी ये. जास्त काई बोलू नको." पण योगिनीनं महिनाभर दाराआड बसून वेगळंच ठरवलं होतं. ती उभी राहिली. तिनं तोंड उघडलं आणि मागं दोघंतिघं फिसकन हसले. तिचा आवाज आता पुरुषासारखा जाड झाला होता.

"पह्यली सुई मले जीवनसत्त्वाची म्हणून टोचली," ती म्हणाली. "दुसरी मी मागून घेतली. पह्यलीनं दम लागनं बंद झालं होतं ना."

हसू थांबलं. तिनं काहीच झाकलं नाही. औषधाचं नाव सांगितलं. किती आठवडे घेतलं ते सांगितलं. शर्यतीत किती मिनिटं वाचली, तेही सांगितलं. मग पुढचं सांगितलं. सात महिने पाळी आली नाही, हे ती भर सभेत बोलली, तेव्हा म्हाताऱ्यांनी नजर पंख्याकडे वळवली. हनुवटीवर केस आले. यकृताला सूज आली. पुढं लेकरू होईल की नाही सांगता येत नाही, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. तो कागदच तिनं वर धरून दाखवला.

बायांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "औषिधाचं नाव पुन्हा सांग वं माय, हळू." योगिनीनं एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. दोघांनी ते मोबाइलवर लिहून घेतलं. शेषराव खिशातला पेन शोधत होते.

महिनाभरात पहिल्यांदाच योगिनीला शरम वाटली नाही. हे लोक आपापल्या लेकरांना जपतील. औषधाच्या दुकानात ते नाव कुणी घेतलं तर त्याचा हात धरतील. "माह्यासारखं कोनाचं होऊ नये," ती म्हणाली, "म्हणून सांगून राह्यली. बाकी मले काई माफी नको." आणि खाली बसली.

ठराव अर्थातच एकमतानं मंजूर झाला. मैदानाच्या फाटकावरचं तिचं नाव सकाळी पुसायचं ठरलं. तिला वाईट वाटलं नाही. नाव गेलं तरी भीती राहील, आणि तिच्या मते हा सौदा महाग नव्हता.

चहा झाला, माणसं पांगली. ती पायरीवर चप्पल घालत होती, तेवढ्यात नारायणराव आले. तिनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिला दोन्ही हातांनी उठवलं आणि डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखरच ओले होते.

"लय हिमतीनं बोलली पोरी," ते म्हणाले. त्यांनी एकदा मागं पाहिलं, एकदा रस्त्याकडं पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणला. "माह्या धाकटीची, समताची, बारा तारखेले पोलीस भरतीची धाव हाय. तिथं लघवी तपासतात काय वं?"