रकान्याबाहेर

एका शब्दातून निपेन हजारिकाला तीन गोष्टी मिळणार होत्या. खिडकीजवळच्या मेजाची खुर्ची, मुख्य चाखणारे बरठाकुरसाहेब यांच्या डब्यातलं तामूल, म्हणजे पानसुपारी, आणि रोजच्या चिडवण्यातून सुटका. खरं सांगायचं तर तिसरीसाठी त्याने पहिल्या दोन्ही सोडल्या असत्या.

गुवाहाटीच्या त्या चहापेढीत चाखण्याच्या खोलीची रीत जुनी होती. लांब मेजावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या. चाखणारा चमचाभर घोट सुर्रकन ओढतो, तोंडात घोळवतो, पिंपात थुंकतो आणि बागेच्या नावापुढे एक शब्द बोलतो. मागून जुनाकी बाइदेउ, म्हणजे सगळ्यांची जुनाकीताई, वही घेऊन चालते आणि तो रकान्यात लिहिते. लिहिलेला शब्द खोडायचा नाही. दुपारपर्यंत तो बागेच्या मालकासमोर असतो.

"काय निपेन," साहेब दारातूनच म्हणाले, "तुझे ते तीन भाडेकरू आज घरीच ठेवलेस ना? जरा, थोडं आणि किंचित? भाडं देत नाहीत नि तोंडातून हलतही नाहीत."

खोली हसली. निपेनही हसला. न हसून करणार काय?

सतराव्या वाटीशी तो थांबला. ढेकियाणी बागान. चहा झकास होता, अंगाने भरलेला, रंगाने तांबूस. फक्त शेवटी, जिभेच्या कडेला, भट्टीची आच जराशी जास्त लागल्याची खूण. जराशीच. चार अंश, फार तर. तोच शब्द ओठांवर आला होता. घोटाबरोबर त्याने तोही थुंकला.

"जळकट," तो म्हणाला.

जुनाकीचं पेन कागदावर टेकलं नाही. एकोणीस वर्षं ती इथले शब्द लिहीत होती. कुठला शब्द बागेत जाऊन काय करतो, हे तिला चाखणाऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"भाईटी, घोटभर पाणी घे. पुन्हा चाखून बघ."

"चाखलंय, बाइदेउ."

"जळकटच लिहू?"

साहेब बघत होते. "लिहा ना," निपेन म्हणाला.

तिने लिहिलं.

"आता कसं!" साहेब म्हणाले. वाटीला त्यांनी हातही लावला नाही. "शब्द असा हवा. बागेची झोप उडाली पाहिजे." वाट्या संपल्यावर त्यांनी आपला पितळी डबा निपेनपुढे धरला. त्याने तामूल घेतलं. चांगलं होतं.

आठ दिवसांनी तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, तेव्हा ढेकियाणीचे मॅनेजर चालिहा स्वतः नवा नमुना घेऊन आले.

"हजारिका, तुमच्या एका शब्दाने काम फत्ते बघा! भट्टीवर माणूस बदला म्हणून मी वर्षभर ओरडतोय, मालक ऐकतात कुठे? जळकट वाचलं आणि म्हणाले, भट्टीवरचा माणूस काढा. सुखदेव तांती. तेवीस वर्षं होता भट्टीवर. आता नाल्यातलं तण काढतो."

"काही बोलला?"

"भांडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, चाखणाऱ्या साहेबांना विचारा, आच किती जास्त होती? दोन अंश की चार? तेवढा काटा खाली घेतला असता. नुसतं जळकट म्हटल्यावर मी हात कुठे घालू?" चालिहांनी नमुन्याची पुडी पुढे सरकवली. "घ्या, नव्या माणसाचा आहे. बघा कसा जमलाय."

वाटी भरली. निपेनने घोट ओढला आणि तो तसाच तोंडात धरून बसला. हा चहा खरोखर जळला होता. घशापर्यंत. आठ दिवसांपूर्वी उधळलेला शब्द आज हक्काचा होता.

"काय लिहू, भाईटी?"

त्याने थुंकलं. "लिहा. आच बारा अंश जास्त. काटा खाली घ्यावा. माणूस नवा आहे, त्याला शिकवावं, आणि शिकवायला सुखदेव तांतीला परत बोलवावं. त्याच्या वेळी आच चारच अंश जास्त होती. तो चहा चांगला होता. चूक चाखणाऱ्याची."

बरठाकुरसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "निपेन, हा शब्द आहे की अर्ज?"

"रकान्यात एवढं मावत नाही रे," जुनाकी हळूच म्हणाली.

"मग समासात लिहा."

तिने वही आडवी केली. बारीक अक्षरात, कडेपर्यंत, एकही शब्द न गाळता सगळं लिहिलं. मग वही पुन्हा सरळ केली आणि थांबली.

"बागेला फक्त रकाना जातो. समास इथेच राहतो. तुला ठाऊक आहे."

निपेनने चालिहांकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा मालकांना. ऐकलंत ना?"

"ऐकलं हो. पण मी सांगितलेलं मालक ऐकत असते, तर तुमच्यापर्यंत आलो असतो कशाला?" चालिहा उठले. "रकान्यात काय ते घाला. मला गाडी गाठायचीय."

खोलीत सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. वाटीत जळका चहा निवत होता, आणि त्याला खोटं नाव देता येत नव्हतं.

"जळकट," निपेन म्हणाला. इतक्या हळू, की जुनाकीला पुढे वाकावं लागलं.

तिने लिहिलं. साहेबांनी डबा पुढे केला. खुर्ची निपेनकडेच राहिली, चालिहांना गाडी मिळाली. किंमत सुखदेव तांतीने मोजली होतीच. आता भट्टीवरचा नवा माणूस मोजणार होता, आणि त्याचं नाव काय, हे निपेनने अजून विचारलंही नव्हतं.