पाऊण विद्यार्थी

जगात काहीच पूर्ण खरं किंवा पूर्ण खोटं नसतं, या एका विचारावर सरांनी सगळी हयात घातली होती. आज मात्र तपासणीत त्यांच्या वर्गात दहा डोकी भरायला हवी होती. एक जरी कमी पडलं तरी कॉलेजातला त्यांचा विभाग बंद.

डोकी मॅडमनी भरली. त्या तिथे कंत्राटावर शिकवायच्या, विभाग गेला की त्याही गेल्या. सकाळपासून फिरून त्यांनी दोघांना कँटीनमधून उचललं, एकाला हॉस्टेलवर जाऊन झोपेतून उठवलं आणि शेवटच्या बाकावर स्वतःचा धाकटा भाऊ बसवला. तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता.

तपासणीला आलेल्या साहेबांनी दारातूनच बोट फिरवलं. "दहा. झालं आमचं काम." मग निघता निघता, निव्वळ चांगुलपणापोटी, त्यांनी विचारलं, "सर, हे तुमचं फझी लॉजिक म्हणजे असतं तरी काय?"

हा प्रश्न सरांना कित्येक वर्षांत कुणी विचारला नव्हता. घरीसुद्धा.

"सोपं आहे," त्यांनी खडू उचलला. "तुम्ही आता दहा मोजलेत, ते ढोबळ झालं. माणूस गटात आहे की नाही असं विचारायचंच नाही. किती आहे, असं विचारायचं."

"सर, साहेबांना उशीर होतोय," मॅडम म्हणाल्या.

"होऊ दे," म्हणत साहेब बसले.

"हा पहिल्या बाकावरचा, पूर्ण एक. ही हुशार, पण सगळं लक्ष बँकेच्या परीक्षेत. पाऊण. हा झोपलाय, पाव." असं करत सर शेवटच्या बाकापाशी आले. "हे मॅडमचे बंधू. खरं तर शून्य. पण मघाशी मान डोलावली त्यांनी, पाव देऊ."

मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या.

फळ्यावर बेरीज आली पावणेसहा.

"वा," साहेब म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. "इतकं नीट मला आजवर कुणी समजावलं नव्हतं." त्यांनी कागदावरचे दहा खोडले. "पण सर, नियम दहाचा आहे. किल्ली शिपायाकडे द्या."

"अहो, 'पुरेसे' हेसुद्धा असंच मोजायचं असतं," सर घाईघाईने म्हणाले. "पावणेसहा म्हणजे निम्म्याहून जास्त पुरेसे."

"मग विभाग निम्म्याहून जास्त चालू ठेवू म्हणता?"

सर खरोखरच विचारात पडले. ते विचारातून बाहेर आले तेव्हा साहेब गेलेले होते.

वर्ग रिकामा झाला. सगळ्यात आधी भाऊ निघाला, त्याला दुकान उघडायचं होतं. मॅडमनी पर्स खांद्याला अडकवली.

"सर, तुमच्या हिशेबात मी किती?"

"तुम्ही पूर्ण एक," सर लगेच म्हणाले. "त्यात शंकाच नाही."

शिपायाने कुलूप लावलं आणि सवयीने दोनदा ओढून पाहिलं. लागलं होतं.