काजळाचा वास

“रोज हात दाखवून गाडी थांबवतात आणि चढत मात्र नाहीत,” कंडक्टर ड्रायव्हरपाशी कुरकुरला. बस सुटली. थांब्यावर उभ्या राहिलेल्या मंजिरीने डोळे मिटून तिचा धूर छातीभर ओढून घेतला.

कावेरीबाई सुनेला न्यायला आल्याच होत्या. बाळाच्या पाचवीला त्यांनीच एरंडेलाचा दिवा लावून, वर ताटली धरून काजळ पाडलं होतं. खोलीभर हाच वास होता. दहाव्या दिवशी त्यांनी काजळाची डबी, एरंडेलाची बाटली, दुपटी, सगळं माळ्यावर टाकलं. घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण डिझेल संपल्यापासून अख्ख्या शहराच्या बसगाड्या एरंडेलावर धावत होत्या. त्या कुठल्या माळ्यावर टाकायच्या?

“चल गं, चहा गार होतोय.”

“पुढची येईलच आता, आई. पाच मिनिटं. तेवढाच तो जवळ असल्यासारखा वाटतो.”

पुढची बस आली, थांबली, गेली. या वेळी कावेरीबाईंनीही तो धूर छातीभर ओढून घेतला.

“मंजू,” सुनेचा हात धरून त्या म्हणाल्या, “आपलं बाळ गेलं गं.”