चुकलं की उसवायचं

"चुकलास. उसव," शालनताई म्हणाल्या. अभयने हसत आपली ओळ गोळा केली.

खेळ विणकामाचा होता. सुयांचा नव्हे, पत्त्यांचा. प्रत्येक पानावर एक टाका: सुलट, उलट, जाळी, वेणी. नमुन्याचं पान एकदाच बघायचं, पालथं घालायचं, आणि मग आठवून आठवून टाके लावायचे. चुकलं की सगळी ओळ उसवायची. रविवारी सकाळी मुलगा अभय आणि सून रुपाली हा खेळ घेऊन हडपसरहून बुधवार पेठेत आले होते. "डॉक्टर म्हणाले, रोज एक डाव खेळावा. स्मरणशक्तीला बरा," रुपालीने दारातच सांगून टाकलं.

शालनताई काय ते समजल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईसमोर स्मरणशक्ती हा शब्द कोणी उगाच काढत नाही. शेजारच्या मुक्ताई अशाच 'चार दिवस' म्हणून लेकीकडे कात्रजला गेल्या. आता तिथल्या गॅलरीतून प्राणिसंग्रहालय दिसतं म्हणतात. कोण कोणाकडे बघतं, ते सांगत नाहीत.

इथे दोनच खोल्या होत्या. पण जिना उतरताना 'कुठे निघालात' असं विचारणारं कोणी नव्हतं. ही सगळी चैन आज पणाला लागली होती. शालनताई बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसल्या आणि एकही टाका चुकल्या नाहीत. रुपाली खेळत नव्हती, नुसती बघत होती. परीक्षक कुठे पेपर लिहितात?

"आता पाळी कोणाची?" अभयने विचारलं.

"तुझीच, अभय," रुपाली मऊ आवाजात म्हणाली.

"वेणीनंतर काय असतं गं?"

"सुलट," शालनताईंनी सांगितलं.

अभयने उलट लावला. मुद्दाम हरतोय, शालनताईंना वाटलं. लहानपणी आपण त्याला जिंकू द्यायचो, त्याची परतफेड. चांगला डाव आहे दोघांचा. आधी आईला खूश करायचं, मग गाडीत घालायचं.

"पाळी कोणाची?" अभयने पुन्हा विचारलं.

"तुझीच, अभय," रुपाली तितक्याच मऊ आवाजात म्हणाली.

आता मात्र शालनताईंना खटकलं. ओला टॉवेल पलंगावर दिसला तर हीच रुपाली सोसायटीच्या गेटपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची. आज एक टोमणा नाही. पुण्यात, सख्ख्या नवऱ्याला, सकाळपासून एकसुद्धा टोमणा नाही. त्यांनी प्रथमच सुनेची नजर कुठे आहे ते नीट पाहिलं. ती त्यांच्यावर नव्हतीच.

अभय पाणी प्यायला आत गेला.

"डाव कोणासाठी सांगितलाय डॉक्टरांनी?" शालनताईंनी हळूच विचारलं.

रुपाली पानं सारखी करत राहिली. "त्याच्यासाठी. पण तो मानतच नाही, आई. 'माझ्या आईसाठीच आहे' म्हणतो. घरी बाई ठेवू म्हटलं तर भडकतो. मी ऑफिसला गेले की दिवसभर एकटा..." तिने आतल्या दाराकडे पाहिलं.

अभय बाहेर आला. शालनताईंनी पानं वाटली, नमुना पाहिला, पालथा घातला. दोन सुलट, दोन उलट. शाळेतल्या पोरीलाही झोपेत येईल असा. त्यांनी दोन सुलट लावले, थांबल्या, आणि जाळी लावली.

"अगंबाई! चुकलं वाटतं. काय होतं रे पुढे?"

अभयने हातातली पानं खाली ठेवली.

"आई, आता मी तुझं काही ऐकणार नाही. बॅग भर आणि चल आमच्याकडे. दिवसभर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं."

"हो रे बाबा," शालनताई म्हणाल्या, "हवंच कोणीतरी."