क्यालोच्या खुर्चीकडे वळलेली वेल

भर दुपारच्या शांततेत पत्र्याचा डबा फरशीवर किंचित घासला. म्विकाली भांडी विसळता विसळता थांबली.

नैरोबीतल्या त्या दाटीच्या इमारतीत तळमजल्याला ऊन ठाऊकच नव्हतं. खिडकीतून हात काढला की समोरची भिंत लागायची. तरी तिनं वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात मनीप्लांटची वेल लावली होती. वेल खिडकीकडे कलू नये म्हणून दर रविवारी ती डबा फिरवून ठेवायची. दोन दिवसांत पानं वळायची ती अंधाऱ्या कोपऱ्याकडे, क्यालोच्या खुर्चीकडे. क्यालो तिचा नवरा; कतारला कामाला गेल्यावर आठ महिन्यांत त्याचा फोन आला नव्हता. त्या खुर्चीत ती कुणाला बसू देत नसे.

“मुमोची आई, तुझ्या वेलीलाही तुझाच नवरा हवाय की काय?” शेजारची नेकेसा चिडवायची.

“आला की त्यालाच विचार,” म्हणत म्विकाली खुर्चीवरचा क्रोशाचा रुमाल सारखा करायची.

आज रुमाल मधोमध दबलेला होता. पानं त्याच्याकडे ताणून झुकली होती. तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला.

चार वर्षांची मुमो खुर्चीसमोर, डोळ्यांवर हाताची सावली धरून उभी होती.

“आई, बाबांच्या अंगावर एवढं ऊन पडलंय, मग तू दिवा कशाला लावतेस?”