गवतातला ठिपका

आपलं बाळ दगावल्यावर नुरीपा डोंगरातल्या सोनकुल तळ्याकाठी, मेंढ्या राखणाऱ्या आपल्या वडिलांच्या, तेमिरकुलबाबांच्या तंबूत राहायला आली. रोज सकाळी ती कॅमेरा मांडायची, रिमोट घेऊन गवतात शिरायची आणि स्वतःचाच फोटो काढायची.

एकदा तेमिरकुलबाबांनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं. "शिखरं आली, तळं आलं, माझी लंगडी मेंढीसुद्धा आली. तू कुठायस?"

तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"एवढीशी?"

"पहिल्या फोटोत माझ्या चेहऱ्याशिवाय काहीच नव्हतं, बाबा. मग रोज थोडी मागं सरकत गेले. या डोंगरानं मला पोटात घेतलं, त्याचे उपकार."

बाबांनी तंबूतून ठेवणीतली पांढरी टोपी आणली. ती घालून म्हणाले, "चल, मलाही उभं कर तुझ्याशेजारी. माझाही नातू गेलाय."